सोलापुरातून कॅनडाच्या पीआरसाठी अर्ज करताय? अनुभवाचं पत्र सगळ्यात आधी मिळवा

कॅनडाच्या पीआरबद्दल, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याबद्दल, विचारायला कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आयईएलटीएसचा क्लास कुठला लावू? दुसरा प्रश्न एजंटचा. मी दोन्ही बाजूला ठेवतो आणि विचारतो, तुम्ही जिथे काम करता तिथल्या मालकाकडून तुमच्या कामाचं सविस्तर पत्र मिळेल का? समोरचा म्हणतो, "मिळेल की, त्यात काय." आणि पुढे तिथेच अडकतो. धाकट्या भावाची फाइल मी बसून केली, नंतर भावकीतल्या आणि कॉलनीतल्या बऱ्याच जणांच्या केल्या. इंग्रजीची परीक्षा, डिग्रीची पडताळणी, बँकेचे कागद ही कामं वेळ आणि पैसे दिले की होतात. अनुभवाच्या पत्राचं तसं नाही. भावाच्या फाइलीत आमचा सगळ्यात जास्त दम याच एका कागदाने काढला, म्हणून या लेखात जास्तीत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

हे सगळं एक्सप्रेस एंट्रीमधल्या फेडरल स्किल्ड वर्कर या वाटेबद्दल आहे, म्हणजे इथे नोकरी करून त्या अनुभवावर अर्ज करणाऱ्यांसाठी. एक्सप्रेस एंट्री ही कॅनडा सरकारची ऑनलाइन पद्धत: आधी आपली माहिती भरून प्रोफाइल करायचं, मग गुणांप्रमाणे निवडलेल्यांना अर्जाचं निमंत्रण येतं.

आधी पाय कुठे आहेत ते बघा

दारात उभं राहायला 100 पैकी 67 गुण लागतात. वय, शिक्षण, भाषा, अनुभव वगैरे सहा गोष्टींचे मिळून हे गुण धरतात. गेल्या 10 वर्षांत एकाच प्रकारच्या कामाचा सलग एक वर्षाचा, म्हणजे निदान 1,560 तासांचा पगारी अनुभव हवा. दार उघडल्यावर खरी स्पर्धा 1,200 गुणांच्या दुसऱ्या मोजणीत होते. तिथे तिशीपासून वयाचे गुण उतरायला लागतात आणि 45 व्या वर्षी शून्य होतात. त्यामुळे बत्तीस-तेहतीस वर्षांचा माणूस "पुढच्या दिवाळीनंतर बघू" म्हणाला की मला राहवत नाही. ज्याला जायचं आहे त्याने आज सुरुवात करावी.

गुण कमी भरत असतील तर दोन खरे मार्ग आहेत. एखाद्या प्रांताचं नामांकन मिळालं तर 600 गुण वाढतात. फ्रेंच शिकून चारही कौशल्यांत सातवी पातळी गाठली तर फ्रेंच येणाऱ्यांसाठी 2023 पासून ज्या वेगळ्या सोडती (निमंत्रणांच्या फेऱ्या) निघतात त्यांत नाव येऊ शकतं. तिसरा मार्ग म्हणून "तिकडची जॉब ऑफर विकत घे, गुण वाढतील" असं कुणी सांगत असेल तर उठून या. जॉब ऑफरचे गुण कॅनडाने मार्च 2025 मध्ये काढूनच टाकले आहेत. सल्लागार धरायचाच असेल तर त्याचा परवाना क्रमांक मागा आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः शोधा. यादीत नाव नसेल आणि तो कॅनडाचा वकीलही नसेल तर पैसे घेऊन तुमची फाइल चालवायचा त्याला अधिकार नाही, मग त्याचं ऑफिस कितीही चकचकीत असो.

परीक्षा

आयईएलटीएस द्यायची ती जनरल ट्रेनिंगची, अ‍ॅकॅडमिकची नाही. चारही भागांत निदान 6 हवेत, स्पर्धेसाठी त्याहून बरेच जास्त. निकाल दोन वर्षं चालतो.

डिग्रीची पडताळणी

वेस (WES) किंवा तशा मान्यताप्राप्त संस्थेकडून पडताळणी करून घ्यायची. अहवाल पाच वर्षं चालतो. सोलापूरकरांनी इथे एक गोष्ट नीट बघावी. आपलं विद्यापीठ 2004 साली झालं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळे जुन्या डिग्रीवाल्यांना कागदांसाठी कोल्हापूरच गाठावं लागतं. नंतरच्यांच्या डिग्रीवर "सोलापूर विद्यापीठ" आहे आणि 2019 मध्ये विद्यापीठाचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. फॉर्म भरताना डिग्रीवर जे छापलंय ते आणि आजचं नाव यांचा मेळ घाला. गुणपत्रकं विद्यापीठाकडून थेट जायला हवीत. घरच्या गुणपत्रकांच्या झेरॉक्सवर कॉलेजचा शिक्का मारून पाठवण्यात वेळ घालवू नका.

तुमच्या स्वतःच्या नावाचंही तेच. गुणपत्रकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. लग्नानंतर बाईचं नाव बदललेलं असतं. काहींचं आडनाव शाळेत एका स्पेलिंगने लागलेलं असतं आणि आधारवर दुसऱ्या. पासपोर्टच प्रमाण धरायचा आणि बाकी कागद त्याच्याशी जुळवायचे. जिथे जुळत नाही तिथे प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद आत्ताच करून ठेवा.

अनुभवाचं पत्र

आपल्याकडे नोकरी सोडताना जो दाखला मिळतो तो दोन ओळींचा. "श्री. अमुक आमच्याकडे 2017 ते 2022 नोकरीस होते. ते मेहनती व प्रामाणिक असून त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा." खाली सही, शिक्का. इथल्या पुढच्या नोकरीला तो पुरतो. कॅनडाचा अधिकारी मात्र तो वाचून तुमच्या अनुभवाचा एक महिनाही धरणार नाही, कारण त्याला तुमचा स्वभाव नको, काम हवं आहे. तुम्ही रोज काय करत होता, आठवड्याला किती तास आणि किती पगारावर, हे पत्रात नसेल तर त्याच्या दृष्टीने तो अनुभव सिद्धच होत नाही.

पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यात तुमचं पूर्ण नाव, कंपनीचा पत्ता, फोन आणि ईमेल, सही करणाऱ्याचं नाव आणि पद. तुम्ही तिथे जी जी पदं भूषवली ती सगळी, प्रत्येकाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखेसह. प्रत्येक पदाची कामं, आठवड्याचे तास, वर्षाचा पगार आणि त्यावरच्या सवलती. अजून नोकरीत असाल तर तसा स्पष्ट उल्लेख. "फुल टाइम" एवढंच लिहून भागत नाही, 48 तास काम असेल तर 48 असा आकडा घाला. कॅनडा आठवड्याला 30 तासांपर्यंतच मोजतं, तरीही लिहायचं ते खरंच.

आता कामांचा परिच्छेद. कॅनडाची व्यवसायांची अधिकृत यादी आहे, तिला एनओसी म्हणतात. आपल्या ना-हरकत दाखल्याशी तिचा काही संबंध नाही. प्रत्येक व्यवसायाला पाच आकडी क्रमांक असतो आणि त्यातला दुसरा आकडा त्या कामाची टीअर पातळी, म्हणजे त्याला किती शिक्षण-प्रशिक्षण लागतं ते, सांगतो. या वाटेने जायला ती 0, 1, 2 किंवा 3 हवी. 4 किंवा 5 असेल तर तो अनुभव इथे धरत नाहीत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याचं उदाहरण घ्या. कापड उत्पादनाच्या सुपरवायझरचा क्रमांक 92015, म्हणजे पातळी 2. त्याच शेडमध्ये यंत्रमाग चालवणाऱ्याचं काम पातळी 4 मध्ये येतं. हिशेबाच्या कामातही हाच फरक आहे: 12200 हा हिशेबनीसाचा क्रमांक चालतो, 14200 हा हिशेब विभागातल्या कारकुनाचा चालत नाही. आपल्याकडे पेढीवर बसणारा प्रत्येक जण अकाउंटंट असतो आणि कारखान्यात चार माणसं हाताखाली असलेला प्रत्येक जण सुपरवायझर. कॅनडाला पदाच्या नावाशी देणंघेणं नाही. पत्रातली कामं त्या क्रमांकाखालच्या मुख्य वर्णनाशी आणि यादीतल्या बऱ्याचशा कामांशी जुळतात का, एवढंच बघितलं जातं.

म्हणून यादी उघडा, दोन-तीन जवळचे क्रमांक वाचा आणि तुमचं खरं काम ज्यात बसतं तो निवडा. मग यादी बंद करा आणि तुम्ही काय करता ते तुमच्या शब्दांत लिहा. ही यादी बंद करण्याची पायरी फार महत्त्वाची आहे. इंटरनेटवर आणि एजंटांच्या ऑफिसात सर्रास सल्ला मिळतो की यादीतली वाक्यं जशीच्या तशी उचला. हा सल्ला वाईट आहे. तीच वाक्यं अधिकारी रोज वाचतो. हुबेहूब उतरवलेल्या पत्रावर त्याचा विश्वास बसत नाही आणि तुमचं काम खरं असूनही खोटं दिसायला लागतं. त्याऐवजी असं लिहा: दोन पाळ्यांतल्या कामगारांना माग वाटून देणं, सुताची आणि रंगाची मागणी दिवाणजींकडे देणं, माग बंद पडले तर त्या वेळेची नोंद ठेवून फिटर बोलावणं, तयार टॉवेलचं वजन आणि विणीतले दोष तपासणं, नव्या कामगाराला शिकवणं, ऑर्डरच्या तारखेप्रमाणे उत्पादन बसवणं. सहा-सात कामं पुरेत. हे तुमच्या कारखान्याचं वर्णन आहे आणि वाचणाऱ्याला ते जाणवतं.

पत्राचा मसुदा तुम्हीच इंग्रजीत करून न्यायचा. मालकावर सोडलं तर दोन ओळींचाच दाखला परत येईल. आणि मसुदा घेऊन एकदम मालकाच्या केबिनमध्ये जाऊ नका. आधी दिवाणजींना किंवा हिशेब बघणाऱ्याला भेटा, तारखा आणि पगार त्यांच्या वहीशी ताडून घ्या. त्यांनी मान डोलावली की मालकाची सही सोपी होते. मालकाला दोन भीती असतात. पहिली, हा माणूस सोडून चालला. दुसरी, पगाराचा आकडा लिहून दिला की पीएफचं किंवा करखात्याचं काही मागे लागेल. पहिलीवर सरळ बोला: अर्ज केला म्हणजे उद्या जात नाही, वेळ लागतो, आणि जाण्याआधी माणूस तयार करून देतो. दुसरीवर उपाय एकच, पत्रात तोच आकडा लिहा जो त्यांनी खरोखर दिला आणि त्यांच्या वहीत आहे. पगार फुगवून लिहायची गळ मालकाला कधीही घालू नका. बँकेच्या स्टेटमेंटशी तो जुळणार नाही आणि त्यात तुम्ही दोघेही अडकाल.

सही झाली की पत्राची एक प्रत मालकाच्या फाइलीत ठेवा आणि त्यांना सांगा की फोन किंवा ईमेल येऊ शकतो. छोट्या कारखान्याचा ईमेल कुणीच उघडत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पत्रावर जो पत्ता द्याल तो रोज बघणारा एक माणूस नक्की करा.

पत्राच्या जोडीला पुरावा लागतो: नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, फॉर्म 16, पीएफचं पासबुक, पगार जमा झालेले बँकेचे उतारे. इथे बऱ्याच ठिकाणी पगार रोख मिळतो. तुमचं तसं असेल तर आजच मालकाला सांगून पगार खात्यावर घ्यायला लागा, पुढचे बारा महिने तरी पक्के होतील. कारखाना बंद झाला असेल किंवा मालक सही द्यायला साफ नकार देत असेल तर तुम्ही पत्रासाठी काय प्रयत्न केले ते लेखी मांडा, तुमच्या वरच्या माणसाचं प्रतिज्ञापत्र घ्या आणि बाकी पुरावा जास्त भक्कम करा. पत्र नाही म्हणून लगेच हार मानू नका. पण सासऱ्याच्या किंवा मामाच्या दुकानाचं, जिथे तुम्ही कधी बसलाच नाहीत तिथलं पत्र आणायचा विचार मनातून काढून टाका. काही एजंट "अनुभव आम्ही तयार करून देतो" म्हणतात. खोटी माहिती पकडली गेली तर पाच वर्षं अर्जच करता येत नाही, आणि ती बंदी एजंटवर नाही, तुमच्यावर येते. चांगल्या, कष्टाळू पोरांची या एका कागदापायी वाट लागते, याचा मला मनापासून संताप येतो.

उरलेले कागद

पैशांचा पुरावा म्हणून बँकेच्या लेटरहेडवर पत्र हवं: खाते क्रमांक, खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि तुमच्यावरचं कर्ज. जुळे सोलापुरातला प्लॉट किंवा गावाकडची शेती यात धरत नाहीत, उसनवारीचे पैसेही चालत नाहीत. सहकारी बँकेत खातं असेल तर हा मजकूर त्यांना लिहूनच द्या.

पोलीस दाखला पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवरून काढायचा, नोकरीसाठी पोलिसांकडून मिळतो तो नाही. वैद्यकीय तपासणी कॅनडाच्या यादीतल्याच डॉक्टरकडे. मराठीतल्या प्रत्येक कागदाचं भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र, आणि भाषांतर करणारा घरचा माणूस नको.

निमंत्रण आल्यावर

निमंत्रण आलं की पूर्ण अर्ज भरायला 60 दिवस मिळतात. लोक पत्राच्या मागे तेव्हा लागतात आणि नेमके मालक तिरुपतीला गेलेले असतात किंवा दिवाणजी रजेवर. प्रोफाइल तयार करायच्या आधीच सगळ्या नोकऱ्यांची पत्रं हातात असली पाहिजेत. प्रोफाइलमध्ये दिलेल्या तारखा, तास आणि पद पत्रातल्याशी शब्दशः जुळवा.

अर्ज गेल्यावर नोकरी बदलली, मूल झालं, लग्न झालं तर लगेच कळवा. आणि पीआर मंजूर झाल्याचा कागद हातात पडेपर्यंत इथली नोकरी सोडू नका, घर विकू नका.