विज्ञान-तंत्रज्ञानाच्या वाटेवरची गळती कशी रोखावी : पुण्यातील शिक्षक आणि कार्यकर्त्यांसाठी

पुण्यात खगोलशास्त्राची आयुका, विज्ञान शिक्षण व संशोधनाची आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि अभियांत्रिकी महाविद्यालये हाकेच्या अंतरावर असली, तरी येरवड्यातील किंवा पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीतील मुलगी तेथवर पोहोचेलच असे नाही. यावर प्रेरणादायी व्याख्यान ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. मात्र या मुलांना विज्ञानाची आवड नसते, असे क्वचितच आढळते. ती बहुधा वेळ, कागदपत्रे किंवा घरभाडे अशा अगदी साध्या ठिकाणी अडतात. म्हणून शाळेतील विज्ञान मंडळाने प्रथम मागील काही वर्षांच्या दहावीच्या याद्या काढाव्यात, विज्ञान शाखेकडे कोण गेले आणि कोण गेले नाही हे पाहावे, आणि न गेलेल्यांच्या घरी जाऊन कारण विचारावे. पुढचे सर्व नियोजन त्या उत्तरांवरून करावे.

प्रयोगशाळेत गट पाडल्यावर उपकरण कोणाच्या हाती जाते, याकडे शिक्षकांनी मुद्दाम लक्ष द्यावे. मिश्र गटात बहुधा मुलगा जोडणी करतो आणि अक्षर चांगले म्हणून मुलगी निरीक्षणे लिहिते. शांत स्वभावाचा किंवा नुकताच गावाहून आलेला मुलगा तर दोन्हींपासून दूर, मागे उभा राहतो. त्यामुळे जोडणी, वाचन आणि नोंद ही कामे प्रत्येक प्रयोगाला आळीपाळीने बदलावीत, तसा तक्ता भिंतीवर लावावा आणि तोंडी परीक्षेत उपकरण प्रत्यक्ष हाताळायला सांगावे. (सोल्डरिंगचा एक चटका बसला की मुलीला बाजूला बसवणारे आणि मुलाला ‘चालायचंच’ म्हणणारे शिक्षक एकच असतात.) चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्यासाठी निदान एक टेबल कमी उंचीचे करून घ्यावे. मराठी माध्यमातील मुलांना अकरावीत इंग्रजी संज्ञांची भीती वाटते. नववीपासून दोन्ही भाषांतील संज्ञा शेजारी-शेजारी फळ्यावर लिहिल्यास ती बरीच ओसरते.

सहलीसाठी ठिकाणांची वाण नाही. आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे; नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास ती लोकांना पाहता येते. खरी अडचण वेळेची असते. आई धुण्याभांड्याच्या कामाला गेल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी रविवारी सकाळी येऊ शकत नाही. कार्यक्रम अंधार पडण्यापूर्वी संपवावा आणि भावंडाला सोबत आणण्याची मुभा द्यावी.

सर्वांत अधिक श्रम कागदपत्रांवर घ्यावेत, कारण गुण असूनही प्रवेश हुकतो तो बऱ्याचदा येथेच. राखीव जागेवर अभियांत्रिकीला प्रवेश घेण्यासाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागते, आणि त्यासाठी वडिलांकडील नातेवाइकांचा मानीव दिनांकापूर्वीचा, म्हणजे त्या प्रवर्गासाठी शासनाने ठरवलेल्या तारखेआधीचा, पुरावा शोधावा लागतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. मराठवाड्यातून पोट भरण्यासाठी पुण्यात आलेल्या कुटुंबाच्या आजोबांचा शाळेचा दाखला गावच्या शाळेतील जीर्ण रजिस्टरमध्ये असतो, आणि तो मिळवण्यासाठी वडिलांची रोजंदारी बुडते. हे काम बारावीच्या निकालानंतर हाती घेणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत कुटुंब गावी जाते, तेव्हाच कोणता कागद आणायचा याची चिठ्ठी मुलाच्या हाती द्यावी. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रिमिलेअरचा (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा) दाखला मुदतीचा असल्याने तो मात्र प्रवेशाच्या वर्षी काढावा.

पैशांबाबत पालकांना नेमकी माहिती द्यावी. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या पात्र मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्यात पूर्ण माफ आहे; पण व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशास ही सवलत नाही, आणि वसतिगृह, खानावळ व लॅपटॉप यांचा खर्च उरतोच. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) मुलींसाठीच्या प्रगती आणि दिव्यांगांसाठीच्या सक्षम या शिष्यवृत्त्या प्रत्येकी वर्षाला ५०,००० रुपयांच्या आहेत. पालकांना अर्जाचे संकेतस्थळ सांगून थांबू नये. शाळेच्या संगणकावर अर्ज भरून द्यावा.

हिंजवडी किंवा चाकणच्या कंपन्यांत भरती करणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना आवर्जून करतो. ‘दहावीपासून सलग साठ टक्के, गॅप नाही, बॅकलॉग नाही’ ही कॅम्पस भरतीची अट वरवर सर्वांना सारखी असली, तरी वडिलांच्या आजारपणात एक वर्ष दुकानात काम केलेला मुलगा किंवा पहिल्या सत्रात इंग्रजीमुळे एक विषय राहिलेली मुलगी या अटीमुळे मुलाखतीपर्यंतही येत नाही. ही अट काढून प्रात्यक्षिक चाचणी ठेवावी, आणि डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांनाही तीच चाचणी द्यावी. नोकरीत आलेल्या स्त्रिया टिकाव्यात यासाठी कायद्याने २०१७ पासून २६ आठवड्यांची प्रसूती रजा आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक केली आहे. मात्र रजेवरून परतलेल्या अभियंतेला जुना प्रकल्प परत मिळतो की केवळ अहवाल लिहिण्याचे काम, हे कायदा पाहत नाही. ते व्यवस्थापकाने पाहावे, आणि रजेवर जाण्यापूर्वीच तिच्याशी बोलून लेखी ठरवून ठेवावे.