घरच्या डब्यातून नेट फिरवताय? या चुका टाळा

पुण्याच्या घरी टीव्हीमागे एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढे नुसतं "पाय") किंवा जुना लॅपटॉप चालू ठेवायचा, त्यावर टेलस्केल (आपली मशीन आपसात खाजगीत जोडणारं ॲप) टाकून त्याला एक्झिट नोड, म्हणजे नेट बाहेर पडायचं दार, करायचं, आणि मग आपण न्यू जर्सीत असो की दुबईत, सगळं नेट त्या डब्यातून बाहेर काढायचं, म्हणजे समोरच्या साइटला वाटतं हा माणूस कोथरूडमध्येच बसलाय. सेटअप अर्ध्या तासाचा. विकतचं व्हीपीएन घ्यायचं तर त्यात भारताचा सर्व्हर नावालाच असतो बऱ्याचदा, कारण सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितली आणि त्यावर काही मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हर सरळ उचलले. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरचा आयपी (नेटवरचा पत्ता) डेटासेंटरचा म्हणून लगेच ओळखू येतो. त्यामुळे घरचा डबा हा उपाय खरंच चांगलाय. फक्त तो बिघडतो तेव्हा आपण सातासमुद्रापार असतो आणि डब्यापाशी असतात आई-बाबा, म्हणून बहुतेक चुका निघायच्या आधीच निस्तरायला हव्यात.

घरच्याच वायफायवर टेस्ट करणं

ही सगळ्यात कॉमन. डबा आणि फोन एकाच राउटरवर, एक्झिट नोड ऑन केला, नेट चाललं, झालं काम, चला एअरपोर्टला. अहो पण याने काहीच सिद्ध होत नाही, डबा काही करत नसला तरी आयपी घरचाच दिसणार ना. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या, मग एक्झिट नोड ऑन करून "माझा आयपी काय" वाल्या कुठल्याही साइटवर बघा. सिम आणि घरचं ब्रॉडबँड एकाच कंपनीचं असेल तर नुसतं कंपनीचं नाव बघून फसाल, आकडा टिपून घ्या आणि घरच्या वायफायवर जो येतो त्याच्याशी ताडून बघा. आणि एकदा डब्याची वायर उपटून परत लावा, कशालाही हात न लावता तो आपोआप परत जोडला जातोय का बघा. ही वायर उपटायची टेस्ट कोणी करत नाही, आणि नंतर लाइट जाऊन आली की बसतात मग कपाळाला हात लावून.

"कनेक्टेड दाखवतंय पण नेट नाही"

इथे जरा थांबू, कारण मदत मागणाऱ्यांपैकी निम्मे तरी इथेच अडकलेले असतात. कनेक्टेड म्हणजे तुमचा फोन आणि डबा एकमेकांशी बोलतायत एवढंच. डब्याने तुमचं ट्रॅफिक पुढे बाहेर ढकलायचं की नाही हा वेगळा मुद्दा.

टेलस्केलमध्ये डब्यावर एक्झिट नोड जाहीर केलं तरी ॲडमिन पॅनेलमध्ये जाऊन त्या मशीनच्या रूट सेटिंगमध्ये मंजुरी द्यावी लागते, ती द्यायला लोक विसरतात. मग फोनवर एक्झिट नोडच्या यादीत डबा दिसतच नाही आणि हे ॲप काढून परत टाकत बसतात.

लिनक्सवर आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे दुसऱ्याचं ट्रॅफिक पुढे पाठवणं, डीफॉल्टला बंद असतं. ते चालू केलं तरी बरेच जण तात्पुरत्या कमांडने करतात, डबा रीस्टार्ट झाला की गेलं. सिसकंट्रोलच्या (/etc/sysctl.d) फोल्डरमध्ये फाइल करून आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (पत्त्यांचा जुना आणि नवा प्रकार) दोन्हीचं फॉरवर्डिंग लिहून ठेवा. फक्त व्ही४ केलं तर काही साइट उघडतात, काही लटकतात, आणि असला अर्धवट बिघाड शोधायला सगळ्यात वाईट.

टेलस्केल न वापरता थेट वायरगार्ड (टेलस्केलच्या पोटातलंच, दोन मशीनमध्ये टनल टाकणारं सॉफ्टवेअर) लावला असेल तर मास्करेडचा, म्हणजे फोनचं ट्रॅफिक डब्याच्या पत्त्याने बाहेर काढायचा, नियम आपल्याला हाताने लिहावा लागतो आणि इथे कॉपी-पेस्ट नडतं. गाइडमध्ये लॅन केबलच्या इंटरफेसचं नाव असतं, तुमचा पाय वायफायवर चालतोय, म्हणजे नियम अशा दाराला लावलाय ज्यातून कोणी जातच नाही. आधी डब्याचा डीफॉल्ट रूट कुठल्या इंटरफेसवरून जातोय ते बघा आणि तेच नाव नियमात टाका. त्याच पायवर डॉकर (ॲप वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) चालत असेल तर अजून एक भानगड, डॉकर फायरवॉलमध्ये फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉप करून ठेवतो, पुढे जाणारं ट्रॅफिक अडवतो, म्हणजे काल चालत होतं आणि आज डॉकर टाकला तर बंद पडलं. वायरगार्डच्या इंटरफेससाठी वेगळी परवानगी द्यावी लागते.

आणि अलाउड आयपी, म्हणजे कुठल्या पत्त्यांचं ट्रॅफिक टनलमधून जाणार त्याची वायरगार्डमधली यादी. फोनच्या बाजूला "सगळं" म्हणजे शून्य-शून्यवालं (0.0.0.0/0) लिहायचं हे बरोबर, पण डब्याच्या बाजूला त्या फोनसमोर फक्त फोनचा एकच पत्ता, बत्तीसच्या मास्कने (/32). दोन्हीकडे "सगळं" पेस्ट केलं तर डबा स्वतःचं नेटसुद्धा तुमच्या फोनकडे पाठवायला बघतो आणि ऑफलाइन जातो. दोन फोनना एकच पत्ता दिला तर जो शेवटी लिहिलाय तोच चालतो, बायकोचा चालू तर तुमचा बंद.

स्लो आहे म्हणून डब्याला शिव्या देणं

आधी बघा जोडणी डायरेक्ट आहे की रिलेवरून. टेलस्केलच्या स्टेटसमध्ये त्या मशीनसमोर सरळ लिहिलेलं असतं, टेलस्केलचा स्वतःचा पिंग मारला तरी कळतं. रिले म्हणजे दोन्ही टोकांना थेट वाट सापडली नाही, म्हणून मधल्या सर्व्हरवरून फिरतंय, आणि तिथे वेगाची अपेक्षाच धरू नका. याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण सीजीनॅट, म्हणजे ब्रॉडबँडवाला एकच पब्लिक आयपी कितीतरी घरांत वाटतो. राउटरच्या पेजवर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा, १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. गंमत अशी की टेलस्केल पण आपल्या मशीनना याच रेंजमधले पत्ते देतो, त्यामुळे पायचा पत्ता बघून "मी सीजीनॅटमध्ये आहे" म्हणणारे पण भेटतात. राउटरच्या पेजवरचाच बघायचा. सीजीनॅट असलं तरी टेलस्केल बऱ्याचदा डायरेक्ट वाट काढतो, पण साधा वायरगार्ड आयपीव्ही४ वर बाहेरून पोचूच शकत नाही, तुम्ही राउटरवर ५१८२० (वायरगार्डचा नेहमीचा पोर्ट) वर पोर्ट फॉरवर्डिंग करून करून दमाल. मग एक तर कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्या, नाहीतर आयपीव्ही६ मिळतंय का बघा.

जोडणी डायरेक्ट आहे तरी स्लो? घरच्या प्लॅनचं अपलोड बघा. तुम्ही तिकडे जे डाउनलोड करताय ते घरातून अपलोड होऊन येतंय. केबलवाल्याचा १०० एमबीपीएसचा प्लॅन असेल आणि अपलोड १० असेल तर तुमच्या हातात १० च्या वर येणार नाही, डबा पाय ५ असो नाहीतर सर्व्हर.

बाकी अंतर हे अंतरच. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण १२,५०० किलोमीटर, फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला अंदाजे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद तर नुसते फिजिक्सचे, आणि समुद्राखालची केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. त्यात न्यूयॉर्कमध्ये बसून अमेरिकेतलीच साइट एक्झिट नोडमधून उघडली तर पॅकेट पुण्याला जाऊन परत न्यूयॉर्कला आणि उत्तर पण त्याच वाटेने, दुप्पट वेळ. म्हणून चोवीस तास ऑन ठेवू नका, काम झालं की बंद करा. अँड्रॉइडवर ठरावीक ॲप वगळता येतात, ते करून ठेवा.

पिंग जातोय, छोटी पानं उघडतात पण मोठं काही उघडलं की गोल गोल फिरत बसतं, हे दिसलं तर एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, संशय घ्या. वायरगार्ड सहसा १४२० धरतो, हॉटेलच्या किंवा मोबाइलच्या नेटवर्कला ते झेपत नसेल तर १२८० करून बघा. टेलस्केल मुळातच १२८० वापरतो.

बरोबर सहा महिन्यांनी बंद पडतं

टेलस्केलमध्ये मशीनची की (ओळखीची चावी) डीफॉल्टला १८० दिवसांनी एक्स्पायर होते आणि मग त्या मशीनवर परत लॉगिन करावं लागतं. म्हणजे दिवाळीला येऊन लावलेला डबा अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला गप्प होणार, आणि तुम्ही समजणार नेट गेलंय. ॲडमिन पॅनेलमध्ये त्या मशीनपुरती की एक्स्पायरी बंद करून टाका, दोन क्लिकचं काम आहे.

वायरगार्डवाल्यांची वेगळी तऱ्हा. घरचा आयपी बदलतो म्हणून डायनॅमिक डीएनएसचं, म्हणजे बदलत्या आयपीकडे नेणारं, नाव लावतात, ते बरोबरच, पण वायरगार्ड ते नाव इंटरफेस चालू होतानाच एकदा बघतो, नंतर आयपी बदलला तरी जुन्याच पत्त्यावर धडका मारत राहतो. फोनवर टनल बंद-चालू केलं की लागतं. दोन्हीकडे डबेच असतील तर दर काही मिनिटांनी नाव परत तपासणारी स्क्रिप्ट लागते.

लाइट, राउटर आणि घरची माणसं

सॉफ्टवेअरपेक्षा जास्त वेळा इथे माती खाल्ली जाते. रात्री झोपताना राउटर बंद करायची सवय अनेक घरांत आहे आणि गावाला जाताना मेन स्विच पाडायची तर सगळ्यांनाच. आईला "एक्झिट नोड" समजावत बसू नका, प्लगला चिठ्ठी चिकटवा, ठळक मराठीत: "हे बटण बंद करू नये. विचारल्याशिवाय तर नाहीच." राउटर आणि पायला मिळून छोटा यूपीएस लावा, राउटरसाठीचे १२ व्होल्टवाले मिळतात. फक्त राउटरला लावून पायला विसरू नका, लाइटच्या ये-जा मध्ये त्याचं मेमरी कार्ड करप्ट होतं. शक्य असेल तर कार्डाऐवजी एसएसडीवर चालवा.

पायचं अजून एक दुखणं, ५ च्या आधीच्या पायमध्ये घड्याळच नसतं आणि ५ मध्ये आहे पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. लाइट आल्यावर नेटवरून वेळ मिळेपर्यंत तो मागच्याच वेळेत जगत असतो. त्या अवस्थेत त्याने वायरगार्डचं हँडशेक (जोडणी सुरू करतानाची ओळखपरेड) सुरू केलं तर समोरचा ते जुनं समजून फेकून देतो. वेळ सिंक झाल्यावरच टनल सुरू होईल असं लावा.

जुना फोन एक्झिट नोड म्हणून लावता येतो आणि बॅकअपला मस्त आहे, पण कायम चार्जिंगला लावलेल्या फोनची बॅटरी फुगते, तेव्हा टायमरवाल्या प्लगवर ठेवा आणि घरच्यांना सांगा पाठ फुगलेली दिसली की काढून टाका, बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून ॲपला वगळायला विसरू नका. विंडोज लॅपटॉप असेल तर स्लीप बंद, आणि टेलस्केलमध्ये "रन अनअटेंडेड" ऑन, नाहीतर अपडेटनंतर मशीन चालू होतं पण कोणी लॉगिन करेपर्यंत टेलस्केल झोपलेलंच.

बारीकसारीक

हॉटेल किंवा एअरपोर्टचं लॉगिन पेज उघडत नाही? एक्झिट नोड बंद करा, लॉगिन करा, मग ऑन करा. एक्झिट नोड लावला की हॉटेलच्या खोलीतला प्रिंटर दिसेनासा झाला तर लोकल नेटवर्कची परवानगी देणारा पर्याय ऑन करा. घरचा प्रिंटर किंवा एनएएस (नेटवर्कवरची फाइल साठवायची पेटी) सबनेट रूटने, म्हणजे डब्यामार्फत घरच्या नेटवर्कमध्ये शिरून, गाठताय आणि दोन्हीकडे १९२.१६८.१ वालीच रेंज आहे? मग गोंधळ होणारच, घरची रेंज निघायच्या आधीच काहीतरी विचित्र करून ठेवा, १९२.१६८.७३ वगैरे.

आयपी घरचा दिसतोय पण तुम्ही बाहेर आहात हे साइट तरी ओळखते, तर डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता विचारणं) कुठून जातोय बघा, आणि वायरगार्डमध्ये व्ही६ टनलबाहेरून सुटतंय का तेही. हे दोन्ही ठीक असून ॲप ऐकत नसेल तर सोडून द्या, फोनचं जीपीएस, सिम, टाइमझोन आणि ॲप स्टोअरचा देश यातलं एक्झिट नोड काहीही बदलत नाही. यूपीआय ॲप सिम बघतात, तिथे याचा उपयोग शून्य.

मित्राला, मित्राच्या मित्राला ॲक्सेस देऊ नका. त्यांनी जे काही केलं ते बाबांच्या नावावरच्या कनेक्शनमधून केलेलं दिसणार आणि विचारणा झाली तर दार बाबांचं वाजणार. दुबईवाल्यांनी तिथला कायदा वाचून घ्या, व्हीपीएन वापरून गुन्हा केला किंवा लपवला तर ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे.

लांबून फायरवॉलला हात लावणं

ज्या टनलमधून आत शिरलाय त्याच टनलचे नियम बदलताय, एक ओळ चुकली की बाहेर, आणि मग आईला व्हिडिओ कॉलवर "कुठला हिरवा दिवा लुकलुकतोय" विचारत बसा. एक तर आत जायचा दुसरा रस्ता हवाच, दुसरं मशीन, जुना फोन, काहीही, ज्यातून डब्याच्या लोकल पत्त्यावर जाता येईल. दुसरं म्हणजे नवा नियम लावण्याआधी डब्याला १० मिनिटांनी रीस्टार्ट व्हायचं शेड्यूल लावून द्या आणि नियम सेव्ह न करता नुसता चालवा. बाहेर फेकले गेलात तर चहा घेऊन या, तोपर्यंत डबा जुन्या नियमांसकट परत वर आलेला असेल. आत राहिलात तर आधी रीस्टार्ट रद्द करा, मग नियम सेव्ह करा.