फँटसी कादंबरीतलं बंड: आधी दप्तर, मग तलवार

राज्याचा नकाशा काढण्याआधी त्याचा हिशेब मांडा. पाणी, मीठ, जमीन, जादू यांतलं काय कोणाच्या ताब्यात आहे, कोणाला नाकारलं जातं आणि त्याची नोंद कोणत्या दप्तरात, म्हणजे सरकारी वह्या-कागदांत, ठेवली जाते, एवढं एका पानावर लिहा. अन्याय नुसत्या दुष्ट राजाच्या स्वभावावर उभा केलात, तर राजा मेला की गोष्ट संपते. उतरंड तशीच राहते. सोळा वर्षांच्या वाचकाला ही पळवाट लगेच दिसते.

नोंदींवर भर द्यायचा, कारण खरी बंडंही तिकडेच वळली. १३८१ मध्ये इंग्लंडमधले शेतकरी डोईपट्टीवरून उठले आणि त्यांनी जमीनदारांची दप्तरं जाळली. वेठीचा पुरावा त्यातच होता. राजा दुसरा रिचर्ड तेव्हा १४ वर्षांचा. त्याने मुक्ततेच्या सनदा दिल्या आणि महिन्याच्या आत रद्द केल्या. (कुमारवयीन खलनायक हवा असेल तर हा आयता आहे.) १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध दंगल झाली, तेव्हाही लोकांचा रोख त्यांच्या वह्या आणि कर्जखतांवर होता. महाडचं चवदार तळं नगरपालिकेच्या ठरावाने १९२४ मध्येच सर्वांना खुलं झालं होतं, तरी २० मार्च १९२७ला त्याचं ओंजळभर पाणी पिणं हेच बंड ठरलं. कायदा आणि वहिवाट यांतली ही फट कथानकाला फार उपयोगी पडते.

समाजाचे थर तीन-चारच ठेवा. सात केलेत तर वाचक परिशिष्ट चाळत बसतो. सर्वांत जास्त मेहनत मधल्या थरावर घ्या: मुकादम, कारकून, पहारेकरी. आंबेडकरांनी दाखवलेली श्रेणीबद्ध विषमता इथेच कळते. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी आहे, म्हणून कुणालाच सगळी उतरंड मोडायची नसते. फितूर इथूनच येतो, आणि दप्तरखान्याची किल्ली आणून देणाराही.

नायिका शेवटी हरवलेली राजकन्या निघणं टाळा. त्याने जन्मावरून लायकी ठरते हेच सिद्ध होतं, म्हणजे ज्याविरुद्ध बंड केलं तेच.

जादूला किंमत लावा आणि ती कोण मोजतं ते ठरवा. वरच्यांच्या दिव्यांसाठी खालच्यांची झोप खर्च होत असेल, तर संप हे शस्त्र आपोआप तयार होतं.

साठ हजार शब्दांच्या कादंबरीचा आराखडा असेल, तर पहिल्या हजारातच एक नियम कुणावर तरी लागू होताना दाखवा. माहिती देऊ नका. कोण कोणाला अरे-तुरे करतं आणि कोण मान खाली घालून ‘जी’ म्हणतं, एवढ्यावर अर्धी व्यवस्था कळते. पहिला उठाव तीस हजारांच्या आसपास फसू द्या, पण योगायोगाने नको. मधल्या थराला काय गमवावं लागेल याचा अंदाज चुकल्यामुळे फसू द्या. दुसऱ्या उठावाची आखणी त्याच चुकीवरून करा.