बेस अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम खरखरतोय? स्प्रे मारण्याआधी या चुका टाळा

गणपती जवळ आले की पावसाळाभर पलंगाखाली पडलेले अ‍ॅम्प बाहेर निघतात, आणि मास्टर व्हॉल्यूमला हात लावला की स्पीकरमधून खर्रर्र. मग कोणीतरी गॅरेजमधला स्प्रे आणतो आणि नॉबच्या कडेने मारतो. आवाज बंद होतो, प्रॅक्टिस सुरू होते. दिवाळीपर्यंत तीच खरखर परत, आणि आता नॉबही ढिला फिरतोय.

नॉबच्या मागे जो पॉट असतो (जुने रेडिओ मेकॅनिक त्याला नुसतं 'कंट्रोल' म्हणतात) त्याच्या आत कार्बनचा घोड्याच्या नालेच्या आकाराचा पट्टा असतो आणि त्यावर धातूची एक बारीक पट्टी घासत फिरते, तिला वायपर म्हणतात. दमट हवा, धूळ आणि कोकणात किंवा गोव्यात असाल तर खारा वारा, यांनी या दोघांमध्ये थर साचतो. वायपर त्या थरावरून जाताना संपर्क क्षणभर तुटतो, परत जुळतो. तोच आवाज आपल्याला ऐकू येतो. बेसचा सूर खालचा असला तरी ही खरखर वरच्या पट्टीत असते, म्हणून हॉर्न (वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) असलेल्या कॅबिनेटवर ती जास्त बोचते. हॉर्न बंद करून 'झालं बरं' म्हणणारेही भेटतात.

दोष नॉबचाच आहे हे गृहीत धरणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. आधी अ‍ॅम्पला हात न लावता बेस गिटारवरचा व्हॉल्यूम फिरवा, मग गिटार तशीच ठेवून अ‍ॅम्पवरचा. खरखर गिटारच्याच पॉटची निघण्याची शक्यता बरीच असते. अ‍ॅक्टिव्ह बेस (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर नऊ व्होल्टची बॅटरी बदलून बघा. उतरलेल्या बॅटरीचा फाटका आवाज अनेकांना पॉटचा वाटतो.

दुसरा लपलेला गुन्हेगार म्हणजे मागचा इफेक्ट्स लूप (बाहेरचे इफेक्ट जोडायचे सेंड आणि रिटर्न हे दोन जॅक). बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये सिग्नल रिटर्न जॅकच्या आतल्या एका छोट्या स्विचमधून पुढे जातो. जॅक वर्षानुवर्षं वापरला नाही की तो स्विच काळा पडतो. मग आवाज मध्येच बसतो आणि एखादी जोरदार नोट वाजवली की परत येतो. सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी पॅच कॉर्ड लावा. आवाज स्थिर झाला तर पॉट निर्दोष आहे, जॅक साफ करा.

आता इनपुटची कॉर्ड काढून व्हॉल्यूम फिरवून बघा. वाजवतानाच आणि ठराविक जागीच खरखर येत असेल तर बहुधा घाणच आहे. गिटार जोडलेली नसतानाही नॉबच्या पूर्ण फेरीत जोरात कडकड येत असेल तर मामला वेगळा आहे, त्याबद्दल पुढे. आणि नॉब न फिरवता नुसता बोटाने दाबला किंवा टिचकी मारली तरी आवाज येत असेल तर ड्राय सोल्डर समजा. पॅनेलवरचा नट सैल असला की पॉट हलत राहतो आणि सर्किट बोर्डवरच्या त्याच्या पायांचं सोल्डर तडकतं. त्यावर कितीही स्प्रे मारा, काही होणार नाही.

घाणच असेल तर फुकटचा उपाय आधी करा. अ‍ॅम्प बंद करून नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. थर पातळ असेल तर वायपर तो स्वतःच घासून काढतो.

हाताला येईल तो डबा वापरणं

निळा-पिवळा डब्ल्यूडी-४० घरोघरी असतो, म्हणून तोच मारला जातो. त्यात तेलाचा अंश असतो. तो आत राहतो, त्यावर धूळ चिकटते, शिवाय नॉब घट्ट फिरावा म्हणून कंपनीने भरलेलं ग्रीसही तो सैल करतो. त्याच कंपनीचा काँटॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो, डब्यावरचं नाव नीट वाचा. शिलाई मशीनचं तेल हा आणखी एक जुना घरगुती उपाय. त्याने खरखर दबते, पण चिखल तयार होतो. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन, गाडीचा ब्रेक क्लीनर यांपैकी काहीही नको. प्लॅस्टिकचे भाग आणि कार्बनचा पट्टा दोन्ही खराब होऊ शकतात.

आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण ते घाणीबरोबर वंगणही धुऊन नेतं. कोरडा पडलेला पॉट लवकर झिजतो. डिऑक्सिट या ब्रँडचा एफ५ हा क्लीनर पॉट आणि फेडर (मिक्सरवरचे सरकते कंट्रोल) यांच्यासाठीच बनवलेला आहे, त्यात वंगणही असतं. महाग वाटतो खरा, पण एका पॉटला लागतो जेमतेम एक फवारा. तोच क्लीनर ग्राफिक इक्वलायझरच्या स्लायडरलाही चालतो.

समोरून, दांड्याच्या कडेने स्प्रे मारणं

पॅनेलच्या बाजूने मारलेला स्प्रे दांड्याच्या खोबणीत जातो, कार्बनच्या पट्ट्यापर्यंत क्वचितच पोचतो. नॉब ढिला फिरायला लागतो तो यामुळेच. क्लीनर जायला हवा मागून: पॉटच्या तीन पायांच्या वर धातूच्या डब्याला जी फट असते, तिथे स्प्रेची नळी टेकवायची. एक छोटा फवारा पुरे, मग लगेच नॉब वीस-तीस वेळा पूर्ण फिरवायचा. लहान, बंद पॉटला फट अगदी बारीक असते, तिथे थेंब पायांच्या मुळाशी सोडावा लागतो.

म्हणजे अ‍ॅम्प उघडणं आलं. वॉरंटी असेल तर इथेच थांबा.

'प्लग काढलाय, आता काय होतंय?'

प्लग काढला तरी आतले मोठे कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये हा आकडा चारशे-पाचशे व्होल्टचा असतो. १९६९ साली आलेल्या ३०० वॅटच्या अँपेग एसव्हीटीत तो ७०० व्होल्टच्या आसपास जातो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घरी उघडू नका, माहितगार मेकॅनिककडे द्या.

गंमत अशी की लोक व्हॉल्व्हला घाबरतात आणि पाठीवरच्या सॅकमध्ये मावणाऱ्या क्लास डी हेडला (स्पीकरविना येणारा हलका अ‍ॅम्प) खेळणं समजतात. त्यात स्विचिंग पॉवर सप्लाय असतो, म्हणजे २३० व्होल्टची मेन्स थेट डीसीत बदलून सुमारे ३२५ व्होल्टवर साठवलेली असते. साधा ट्रान्सफॉर्मरवाला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प त्या मानाने सौम्य. त्यातही फ्यूज आणि स्विचवर मेन्स असते, पण प्लग काढल्यावर ती जाते.

स्क्रू काढण्याआधी प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. काही वेळ थांबा, आणि पॉवर सप्लायच्या कपॅसिटरवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज खरंच उतरलंय का ते बघा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून 'डिस्चार्ज' करायचा प्रकार नको. हे मोजायची सवय नसेल तर झाकण परत लावा.

नॉब काढताना आधी बाजूला बारीक स्क्रू आहे का ते पाहा. नसेल तर नॉब नुसता दाबून बसवलेला असतो. त्याखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की पॅनेलवर कायमचा ओरखडा उठतो. बुटाची नाडी नॉबखाली गुंडाळून सरळ ओढा, निघतो.

ओला असतानाच चालू करणं

बरेच क्लीनर आणि त्यांच्या डब्यातला गॅस ज्वलनशील असतो. चालू अ‍ॅम्पवर स्प्रे मारायचा नाही, आणि मारल्यावर अर्धा तास तरी उघडं ठेवायचं, पावसाळ्यात जास्त. पहिल्यांदा चालू करताना सगळे व्हॉल्यूम शून्यावर असू द्या.

परत परत स्प्रे मारत राहणं

दोनदा नीट साफ करूनही खरखर गेली नाही तर डबा बाजूला ठेवा. एका ठराविक जागी आवाज पूर्ण गायब होत असेल तर तिथला कार्बन झिजलाय. प्लग काढलेल्या अवस्थेत मधल्या आणि कडेच्या पायावर मल्टिमीटर ओहमवर ठेवून नॉब सावकाश फिरवा. सर्किटमध्ये असल्यामुळे आकडा अचूक येणार नाही, पण मध्येच मारलेली उडी दिसते. काट्याचा जुना मीटर असेल तर ती जास्त ठळक दिसते.

कॉर्ड काढूनही पूर्ण फेरीत कडकडणारा पॉट मात्र बऱ्याचदा निर्दोष असतो. त्याच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडणारा, डीसी अडवणारा) लीक झाला की पॉटवर डीसी येतो, आणि मग नवा पॉट बसवला तरी तोही खरखरतो. हे अ‍ॅम्प चालू ठेवून मोजावं लागतं, म्हणून ते मेकॅनिकचं काम. पण 'पॉट बदला' असं न सांगता 'पॉटवर डीसी येतोय का बघा' असं सांगा. तिथे काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक, व्होल्टमध्ये दिसले तर सहसा कपॅसिटर बदलायचा.

पॉटच बदलायचा ठरला तर जुना काढून सोबत न्या, मग मुंबईत लॅमिंग्टन रोड असो की पुण्यात तापकीर गल्ली. नुसतं 'शंभर केचा कंट्रोल द्या' (के म्हणजे किलोओहम) म्हटलं की बऱ्याचदा बी१००के हातात येतो. हल्लीच्या बहुतेक पॉटवर बी म्हणजे लिनियर (फिरवाल त्या प्रमाणात सरळ वाढणारा) आणि ए म्हणजे लॉग (आधी हळू, पुढे झपाट्याने वाढणारा). व्हॉल्यूमला सहसा लॉग लागतो. लिनियर बसवला तर सुरुवातीच्या थोड्याशा फिरण्यातच आवाज अंगावर येतो आणि उरलेल्या नॉबला काही कामच राहत नाही. पायांमधलं अंतर आणि दांड्याचा आकार (दातेरी की एका बाजूने सपाट) दुकानातच जुन्याशी जुळवून घ्या.