तान्ह्या बाळाला रात्री जवळ निजवताना

तान्हे बाळ रात्री कुठे झोपणार, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही. बाळंतिणीच्या अंथरुणालगत बाळाचे दुपटे अंथरले जाते आणि पुढे धाकटे भावंड आले की ते मूल आजीच्या कुशीत जाते. प्रश्न उभा राहतो तो बाळंतपण लंडनला किंवा न्यू जर्सीला झाल्यावर. घरी सोडताना तिथली परिचारिका ‘बाळाला आपल्या पलंगावर घेऊन झोपू नका’ असे बजावते आणि लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेली आजी ‘एवढ्याशा जिवाला एकटे कसे टाकायचे’ म्हणून नाराज होते. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि दोघींचेही म्हणणे सांभाळता येते.

त्यासाठी आधी दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. बाळाने आई-वडिलांच्या खोलीत झोपणे ही एक गोष्ट आणि त्यांच्याच अंथरुणात झोपणे ही दुसरी. पहिलीबद्दल फारसा मतभेद नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचनांतही बाळाने निदान पहिले सहा महिने आई-वडिलांच्याच खोलीत, त्यांच्या पलंगाजवळ, पण स्वतःच्या वेगळ्या आणि सपाट अंथरुणावर झोपावे, असे सांगितले आहे. तान्ह्या बाळासाठी वेगळी खोली सजवण्याची जी हौस अलीकडे जाहिरातींतून आली आहे, तिचा बाळाच्या सुरक्षिततेशी काही संबंध नाही, हे यावरून दिसेल. मतभेद आहे तो एका अंथरुणाबद्दल, आणि त्याचे कारण म्हणजे झोपेत अचानक होणारे अर्भकमृत्यू. असे बहुतेक मृत्यू पहिल्या सहा महिन्यांत, त्यातही दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात होतात. बाळ पालथे असणे, अंथरूण मऊ असणे आणि तोंडावर पांघरूण येणे ही त्यामागची वारंवार आढळणारी कारणे आहेत.

सर्वांत सुरक्षित व्यवस्था कोणती असे विचाराल, तर एक खोली, दोन अंथरुणे आणि मध्ये हातभर अंतर हीच. परंतु रात्रीतून चार-चार वेळा उठून पाजणाऱ्या आईचा डोळा कधीतरी पाजतापाजताच लागणार, हे बाळंतीण जवळून पाहिलेला कोणीही नाकारणार नाही. आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शनात म्हणूनच सरसकट मनाई केली नाही; एका अंथरुणात झोपायचे असल्यास ते अधिक सुरक्षित कसे करावे आणि कोणत्या परिस्थितीत ते अजिबात करू नये, हे पालकांशी मोकळेपणाने बोलावे, असे तिने सुचवले. मला हाच मार्ग व्यवहार्य वाटतो. ‘बाळाला घेऊन झोपायचेच नाही’ असा निश्चय केलेली आई पलंग टाळण्यासाठी बाहेरच्या सोफ्यावर पाजत बसते आणि तिथेच तिला झोप लागते. सोफा किंवा आरामखुर्ची ही बाळासह झोप लागण्याची सर्वांत घातक जागा आहे, कारण पाठ आणि बैठक यांच्यामधल्या खाचेत बाळाचे तोंड दाबले जाते आणि झोपलेल्या माणसाला ते कळतही नाही. तेव्हा डोळा लागण्याची थोडीशीही शक्यता असेल, तर पाजण्यासाठी आधीपासून नीट मांडून ठेवलेले अंथरूणच निवडावे.

एका अंथरुणात केव्हा झोपूच नये

बाळ ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले असेल किंवा जन्माचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल, तर त्याचे अंथरूण वेगळेच ठेवावे. आई किंवा वडील यांपैकी कोणीही धूम्रपान करत असेल, मग ते घराबाहेर जाऊन का असेना, किंवा आईने गरोदरपणी केलेले असेल, तरीही हाच नियम लागू आहे. (मशेरी लावण्याला आपल्याकडे कोणी व्यसन मानत नाही, पण गरोदरपणी पोटात गेलेल्या तंबाखूने बाळाचे वजन कमी भरते, एवढे लक्षात ठेवावे.) त्या रात्री ज्याने मद्य घेतले असेल, झोपेची गोळी घेतली असेल, फिट्सवर (आकडीवर) किंवा मानसिक आजारावर गुंगी आणणारे औषध चालू असेल, इतकेच नव्हे तर सर्दी-खोकल्याचे गुंगीचे औषध घेतले असेल, त्याने बाळाशेजारी झोपू नये. केवळ वरच्या दुधावर असलेल्या बाळांनाही शेजारच्या वेगळ्या अंथरुणावर झोपवणे बरे. अंगावर पाजणारी आई झोपेतही बाळाकडे तोंड करून, बाळ छातीच्या उंचीवर ठेवून आणि गुडघे वर घेऊन झोपते, असे जेम्स मॅकेना या मानववंशशास्त्रज्ञाच्या झोपेवरील अभ्यासात दिसून आले आहे. ही ठेवण इतरांमध्ये तितकी सहज आढळत नाही.

अंथरूण

सगळी गोम अंथरुणात आहे. बाळाच्या अंगाखालचा पृष्ठभाग सपाट आणि घट्ट हवा. त्यावर तळहात दाबून उचलल्यावर खळगा राहता कामा नये. या कसोटीवर जमिनीवर अंथरलेली सतरंजी आणि तिच्यावर घट्ट शिवलेली पातळ गोधडी चांगली उतरते, आणि महागडी, अंगाच्या आकाराप्रमाणे दबणारी फोमची गादी नापास होते. कापसाची जुनी गादी मधोमध बसलेली असेल, तर दोघांचे वजन त्या खळग्याकडे सरकते आणि बाळ आईच्या अंगाखाली घरंगळते, म्हणून अशी गादी पिंजून, नव्याने भरून घ्यावी किंवा त्या दिवसांपुरती बाजूला ठेवावी. जमिनीवर झोपण्याचा आणखी एक फायदा असा की बाळ पडण्याची भीती उरत नाही. पलंगच वापरायचा असेल, तर पलंग आणि भिंत यांच्यामध्ये फट आहे का ते रोज पाहावे. पलंग भिंतीला ‘चिकटवला’ असे आपण म्हणतो खरे, पण साफसफाईत तो चार बोटे सरकतो, आणि बाळ अडकायला तेवढी जागा पुरे होते. त्या फटीत उशा किंवा चादरी कोंबू नयेत. पलंग तरी नीट लावावा, नाहीतर भिंतीपासून चांगला दूर ओढावा.

बाळाला उशी लागत नाही. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देण्याची पद्धत घरोघर आहे, परंतु डोके एका बाजूने चपटे होऊ नये यासाठी बाळ जागे असताना, आपल्या नजरेसमोर, त्याला दिवसातून थोडा थोडा वेळ पालथे ठेवणे आणि झोपवताना डोक्याची बाजू बदलत राहणे हेच उपयोगी पडते. बारशाला हमखास येणारा तो सुंदर संच, ज्यात छोटी गादी, उशी आणि दोन बाजूंचे दोन लोड असतात, तो देणाऱ्याच्या मायेबद्दल कृतज्ञ राहून कपाटात ठेवावा. त्यातले लोड बाळाला पडण्यापासून वाचवतात असे वाटते. प्रत्यक्षात बाळ मान वळवून त्यात नाक खुपसते आणि स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा आत घेते. पाळण्याच्या कडेला बांधायच्या अशाच मऊ पट्ट्यांच्या विक्रीवर अमेरिकेने २०२२ मध्ये कायद्याने बंदी घातली. मऊ खेळणी, प्लास्टिकचे कागद आणि जादा दुपटीही अंथरुणावर नसावीत. बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा सुरी ठेवण्याची रीत घरात पाळली जात असेल, तर वडीलधाऱ्यांशी वाद न घालता ती वस्तू अंथरुणापासून दूर, देवघरात वगैरे ठेवण्याची विनंती करावी. बहुतेक आज्या ऐकतात.

पांघरूण आईचे वेगळे आणि बाळाचे वेगळे असावे. आईने आपले पांघरूण कमरेपर्यंतच घ्यावे आणि वर थंडी वाजत असेल तर लांब बाह्यांचे काही घालावे. साडीचा पदर, ओढणी, मंगळसूत्र आणि मोकळे लांब केस हे चारही झोपण्यापूर्वी आवरावेत: केस बांधावेत, मंगळसूत्र काढून ठेवावे. बाळाच्या गळ्यातला काळा दोरा आणि साखळीही रात्री काढावी. हौसेने घातलेल्या दागिन्यांबद्दल घरात मतभेद होऊ शकतो, पण गळ्याभोवती काहीही नको, या मुद्द्यावर माघार घेऊ नये.

आपल्याकडे थंडीच्या भीतीने बाळाला फार गुंडाळतात. झबले, स्वेटर, कुंची, त्यावर दुपटे आणि वर गोधडी अशा थरांत, बंद खोलीत, आईच्या अंगाच्या उबेत बाळ तापते, आणि अतिउष्णता हेही झोपेतल्या धोक्याचे एक कारण आहे. बाळाच्या मानेमागे आणि पोटाला हात लावून पाहावे. मान घामेजली असेल तर एक थर कमी करावा. पहिल्या काही आठवड्यांत पोट गरम पण तळपाय गार लागत असतील तर एक थर वाढवावा. घरात झोपवताना टोपडे नको. आईशेजारी झोपणाऱ्या बाळाला दुपट्यात घट्ट बांधू नये, कारण तोंडावर काही आले तर ते दूर करायला त्याचे हात मोकळे हवेत. वेगळ्या अंथरुणावर गुंडाळत असाल, तर नितंबांचे सांधे नीट घडण्यासाठी पाय सैल ठेवावेत, आणि बाळ कुशीवर वळू लागण्याची चिन्हे दिसताच गुंडाळणे बंद करावे. शेकाची शेगडी मात्र झोपण्याआधी खोलीबाहेर गेलीच पाहिजे. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो आणि त्याला वास नसतो. डासांसाठी कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरावी, आणि ती बाळाच्या अंगावर येणार नाही इतकी ताणून बांधावी.

रात्रीचे पाजणे

सुरुवातीला बाळ दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पिते, त्यामुळे रात्रीची तयारी संध्याकाळीच करून ठेवावी. हाताशी पाणी, लंगोट आणि मंद दिवा असावा. आईने कुशीवर वळावे, बाळालाही आपल्याकडे कुशीवर घ्यावे, खालचा हात बाळाच्या डोक्यावरच्या बाजूला वाकवून ठेवावा आणि गुडघे त्याच्या पायांखाली आणावेत. बाळ वर उशीकडे किंवा खाली पांघरुणात सरकू नये, यासाठी या ठेवणीचा उपयोग होतो. पिणे झाल्यावर त्याला खांद्यावर घेऊन ढेकर काढावी आणि परत ठेवताना नेहमी उताणेच ठेवावे.

‘उताणे ठेवले आणि दूध टाकले तर ते श्वासात जाईल’ ही भीती फार खोल रुजलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते. वर आलेले दूध श्वासनलिकेत जाण्यासाठी चढावे लागते, आणि बाळ ते सहसा गिळून टाकते किंवा खोकून बाहेर काढते. पालथे ठेवल्यावर हीच रचना उलटी होते आणि श्वासनलिका खाली येते. ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून बाळाला उताणे झोपवण्याची मोहीम चालवली गेली. त्यानंतर झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याहून कमी झाले आणि गुदमरण्याचे प्रमाण वाढले नाही. बाळ स्वतःहून दोन्ही बाजूंना वळू लागले की झोपवताना उताणे ठेवावे, पण ते वळले तर रात्रभर उठून त्याला सरळ करत बसण्याची गरज नाही.

बाळाने आईच्या एका बाजूला झोपावे, आई आणि वडील यांच्या मध्ये नव्हे. मोठ्या भावंडाला बाळाशेजारी झोपवू नये. त्याला वडिलांच्या पलीकडे किंवा आजीकडे जागा करावी. एकाच खोलीत पाच-सहा माणसे झोपतात अशा घरांत हे सहज जमत नाही, याची जाणीव मला आहे. तिथे भिंत, मग सपाट अंथरुणावर स्वतंत्र बाळ, मग आई आणि त्यापुढे इतर, असा क्रम ठेवावा आणि बाळ व भिंत यांच्यामध्ये चांगली दोन हात जागा सोडावी. वडिलांनी रात्रीचे एखादे ढेकर काढणे आणि लंगोट बदलणे आपल्याकडे घेतले, तर आईची सलग झोप वाढते. थकून गुंगलेल्या आईपेक्षा थोडी झोप झालेली आई बाळाला अधिक जपते.

पाळण्याचे म्हणाल, तर लाकडी पाळणा तळाशी सपाट असेल आणि गजांमधून बाळाचे अंग किंवा डोके जाणार नसेल, तर तो आईच्या अंथरुणालगत लावणे हा उत्तम उपाय आहे. त्यावर टांगलेले चिमणाळे बाळाच्या हाताला येऊ लागले की काढावे. साडीच्या झोळीत मात्र रात्र काढू नये. झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि कोवळी श्वासनलिका दबते. दिवसा, समोर बसून, झोका देण्यापुरतीच तिची सोय मानावी.

श्वास मिनिटाला साठाहून अधिक होणे, छाती आत ओढली जाणे, ओठ निळे पडणे, अंग गार किंवा तापलेले असून बाळाने पिणे सोडणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ (परदेशात असाल तर तिथल्या आणीबाणीच्या) क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गणपतीला किंवा लग्नाला गावी गेल्यावर ही सगळी व्यवस्था मोडते, कारण तिथे पाहुण्यांसाठी जी गादी मिळेल तिच्यावर झोपावे लागते आणि बाळाला ‘आज माझ्याजवळ राहू दे’ म्हणणाऱ्या आत्या-मावश्या असतात. अशा वेळी घरून एक चटई आणि बाळाची नेहमीची गोधडी बरोबर न्यावी, आणि मुक्कामाला पोचल्यावर, उजेड असतानाच, ती कुठल्या कोपऱ्यात अंथरायची ते पाहून ठेवावे.