गोष्टीतून घरातली मंडळी: मुंबईत सुरुवात करणाऱ्यांसाठी

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीकडे, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या विश्वासणाऱ्यांच्या समुदायाकडे, स्वतःची इमारत नव्हती. बायबलमधील रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रेषित पौल प्रिस्का आणि अक्विल्ला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम कळवतो, आणि फिलिप्पै शहरात तुरुंगातून सुटल्यावर तो व त्याचा सोबती सीला प्रथम जातात ते जांभळी वस्त्रे विकणाऱ्या लुदियेच्या घरी. त्यामुळे परळच्या चाळीतली खोली किंवा कल्याणचा वन रूम किचन मंडळीला अपुरा पडेल, ही भीती मनातून काढून टाकावी. घरी मंडळी सुरू करू पाहणारे बहुतेक जण आधी जागेविषयी विचारतात आणि मग थोड्या संकोचाने म्हणतात, "पण मला उपदेश करता येत नाही." उपदेश येत नसेल तर गोष्ट सांगावी. गोष्टीवर मंडळी उभी राहते, असे मी अनुभवाने सांगतो.

मराठीला ही वाट नवी नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रींनी बायबलची कथा दहा हजारांहून अधिक ओव्यांत सांगितली आणि त्यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची कथा कीर्तनातून आणि अभंगांतून मांडली. कीर्तनातले निरूपण श्रोता विसरतो, पण आख्यान घरी घेऊन जातो, हे आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. येशूनेही देवाच्या राज्याची व्याख्या सांगितली नाही. पेरणाऱ्याची, खमिराची, हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली.

सुरुवात दोन किंवा तीन घरांपासून करावी. ज्यांच्याशी आपली आधीपासून ऊठबस आहे, ज्यांच्या सुखदुःखात आपण गेलो आहोत, अशांनाच बोलवावे. आणि बोलावताना येथे येशू ख्रिस्ताची गोष्ट सांगितली जाईल व प्रार्थना होईल, हे स्पष्ट सांगावे. वाढदिवसाचे किंवा हळदीकुंकवाचे निमित्त पुढे करून लोकांना बसवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, आणि ज्या सत्याविषयी आपण बोलणार आहोत त्याला ते शोभतही नाही. दुसऱ्या मंडळीत नियमित जाणाऱ्यांना आपल्याकडे ओढू नये; ते आले तर त्यांचे स्वागत करावे, पण रविवारी त्यांनी त्यांच्या मूळ मंडळीतच उपासनेला जावे, असा आग्रह धरावा.

वेळ ठरवताना मुंबईचा विचार करावाच लागतो. रविवारी दुपारी मेगाब्लॉक असला की ठाण्याहून किंवा पनवेलहून येणारा माणूस अर्ध्या वाटेत अडकतो. संध्याकाळी पाणी येणाऱ्या चाळीत त्या वेळी एकही बाई निवांत बसू शकत नाही. शनिवारी रात्री आठच्या सुमारास किंवा आठवड्यातल्या एखाद्या दिवशी, यजमान घराला सोयीची वेळ धरावी आणि सव्वा तासाच्या आत उठावे. खाण्यापिण्याचा थाट कटाक्षाने टाळावा. पहिल्या घरी पावभाजी झाली की पुढच्या घराला आपल्याकडे बैठक घेण्याचा धीर होत नाही, म्हणून चहा आणि फार तर बिस्किटे, एवढाच नियम सर्वांसाठी ठेवावा.

आता गोष्टीच्या तयारीकडे वळू, कारण सगळे श्रम येथेच आहेत. निवडलेला उतारा आठवडाभर रोज एकदा मोठ्याने वाचावा. मग पुस्तक मिटून त्याचे चार-पाच प्रसंग मनात लावावेत: कोण कोठे आहे, कोण काय म्हणाले, मग काय झाले. शब्द पाठ करण्याची गरज नाही, मात्र येशूच्या तोंडची वाक्ये जशी आहेत तशीच यावीत. गोष्ट पाच मिनिटांत संपली पाहिजे आणि घरातल्या एखाद्या माणसाला ती आधी सांगून पाहिली पाहिजे. बोली आपली रोजची असावी. "नीतिमान ठरणे" किंवा "खंडणी" असे शब्द मंडळीत वाढलेल्यांच्या कानांना सरावाचे असतात, पण पहिल्यांदा आलेल्या शेजाऱ्याला त्यांचा उलगडा होत नाही.

पदरचे काही घालू नये. येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कय या जकातदाराची गोष्ट सांगताना तो उंबराच्या झाडावरून रडत उतरला, असे सांगण्याचा मोह अनेकांना होतो. ही गोष्ट लिहिणारा शुभवर्तमानकार लूक तसे म्हणत नाही; तो घाईने उतरला आणि त्याने आनंदाने येशूचे स्वागत केले, एवढेच लिहितो. गोष्ट मजकुराच्या बाहेर गेली की ऐकणाऱ्याला शास्त्र कोणते आणि सांगणाऱ्याची कल्पना कोणती हे कळेनासे होते, आणि पुढच्या तोंडी ती आणखी बदलते. म्हणून गोष्ट सांगून झाल्यावर तोच उतारा कोणीतरी पवित्र शास्त्रातून वाचून दाखवावा. काही सुटले किंवा वाढले असेल तर ते सर्वांच्या समोर तेथेच दुरुस्त होते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच बहुतेक जण गाळतात. सांगणाऱ्याने गप्प बसावे आणि जमलेल्यांपैकी एकाला तीच गोष्ट परत सांगायला लावावी. सुरुवातीच्या काही महिन्यांत मी हे करत नव्हतो. गोष्ट झाली की वीस मिनिटे तिचा अर्थ समजावून देत असे. लोक माना डोलावत आणि हळूहळू येणे कमी करत. मग एका शनिवारी लूकच्या पंधराव्या अध्यायातली हरवलेल्या नाण्याची गोष्ट झाल्यावर पोळीभाजीच्या डब्यांचे काम करणाऱ्या एका मावशींना ती परत सांगायला सांगितले. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी पदर खोचला, दिवा लावल्याची खूण केली, खोलीचा केर काढावा तसा हात फिरवला आणि नाणे सापडल्यावर शेजारणींना बोलावण्याच्या प्रसंगाशी येऊन त्या थांबल्या. "एवढ्या बायकांना बोलावलं म्हणजे चहापाण्याचा खर्च नाण्याहून जास्तच झाला असेल," त्या म्हणाल्या, "पण तिला त्याचं काही नाही. देवाचंही तसंच असणार." स्वर्गातल्या आनंदाविषयी मी जे वीस मिनिटांत पोहोचवू शकलो नव्हतो ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला त्या एका वाक्यात मिळाले. माझ्या मते मंडळीची सुरुवात त्या दिवशी झाली.

गोष्ट परत सांगून झाली की चार प्रश्न पुरतात: या गोष्टीत देवाविषयी काय दिसले, माणसाविषयी काय दिसले, या आठवड्यात मी यातले काय पाळणार आहे, आणि ही गोष्ट मी कोणाला सांगणार आहे. उत्तर चुकीचे वाटले तरी लगेच खोडू नये, "हे गोष्टीत कोठे आले?" एवढेच विचारावे. पुढच्या बैठकीच्या आरंभी मागच्या वेळचे शेवटचे दोन प्रश्न प्रेमाने पुन्हा काढावेत. मग एकमेकांसाठी नावाने प्रार्थना करावी, एखादे भजन म्हणावे आणि बैठक संपवावी.

गोष्टींचा क्रम समोरच्या माणसांवर अवलंबून असतो. जन्माने ख्रिस्ती असूनही शास्त्रापासून दुरावलेल्यांसाठी मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने लिहिलेले येशूचे चरित्र, उत्तम, कारण ते सोळा अध्यायांचे, वेगवान आणि प्रसंगांनी भरलेले आहे. छप्पर उघडून खाली सोडलेला पक्षघाती, समुद्रावरचे वादळ, याइराची मुलगी, या गोष्टी सांगायला सोप्या आणि विसरायला कठीण आहेत. ज्यांच्या कानांवर हे काहीच पडलेले नाही, त्यांच्यासाठी उत्पत्तीपासून निघावे आणि अब्राहाम, मोशे व वल्हांडण (इस्राएली लोकांच्या मिसरातून सुटकेचा सण), दावीद, यशया अशा वाटेने ख्रिस्ताच्या जन्मापर्यंत, वधस्तंभापर्यंत आणि पुनरुत्थानापर्यंत यावे. वल्हांडणाला बळी दिला जाणारा कोकरा ठाऊक नसेल तर येशूला म्हटलेले "देवाचा कोकरा" हे शब्द पोकळच राहतात.

शेजाऱ्यांची आणि कायद्याची बाजू सांभाळायलाच हवी. माइक लावू नये, टाळ्या आणि ढोलकी आवरती ठेवावी, गॅलरीत चपलांचा ढीग करून वाट अडवू नये, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना आपण काय करतो हे पहिल्याच आठवड्यात स्वतः जाऊन सांगावे. चाळीत गणपतीची आरती असेल त्या वेळी आपली बैठक पुढे ढकलणे हा साधा शेजारधर्म आहे. संविधानाचे पंचविसावे कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. मात्र 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे स्पष्ट केले. धर्मांतराविषयी आपण बैठक सुरू करू तेव्हा लागू असलेला राज्याचा कायदा वकिलाकडून नीट समजून घ्यावा. आजाऱ्यासाठी अवश्य प्रार्थना करावी, पण औषध बंद करायला कधीही सांगू नये. शाळेची फी किंवा रेशन यांची मदत करायची तर ती बैठकीला न येणाऱ्या शेजाऱ्यालाही तितक्याच मोकळेपणाने करावी, म्हणजे विश्वासाला पैशाचा डाग लागत नाही.

बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी) हे विषय घाईने हाताळू नयेत. एखाद्या प्रस्थापित मराठी मंडळीच्या पाळकांशी आरंभापासून संबंध ठेवावा, त्यांना बैठकीला बोलवावे आणि हे संस्कार त्यांच्या मार्गदर्शनाखालीच व्हावेत. अर्पण घेत असाल तर ते दोघांनी मोजावे व वहीत लिहून दोघांनी सही करावी. पुढे स्वतंत्र संस्था म्हणून निधी किंवा मालमत्ता ठेवण्याची वेळ आली, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 नुसार धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते.

खोलीत बारा-पंधरा माणसे झाली आणि कोणी दारात उभे राहू लागले की मोठा हॉल शोधू नये. दुसरे घर उघडावे. कोणाच्या घरी, हे तोवर आपोआप दिसलेले असते: जो माणूस गोष्ट परत सांगताना शास्त्राबाहेर जात नाही आणि आठवडाभर तिच्याप्रमाणे वागण्याची धडपड करतो, त्याच्याकडे. आमचे दुसरे घर त्या मावशींचे झाले. आजवर सांगितलेल्या गोष्टींची वही आम्ही त्यांच्या नातीकडे दिली, कारण उतारे शोधून वाचणारे कोणीतरी लागते. पहिल्या चार बैठकांना मी मुद्दाम गेलो नाही. पाचव्या बैठकीला गेलो तेव्हा दाराजवळ सतरंजीवर बसलो, आणि गोष्ट परत सांगण्याची पाळी माझ्यावर आली.