परदेशी इंटर्नशिपला निघताय? या चुका टाळा (जर्मनीवाल्यांनी तर नक्कीच)

ऑफर लेटर आलं की घरात पहिली चर्चा बॅगेची. किती किलो चालतं, छोटा कुकर न्यायचा का, दशम्या किती दिवस टिकतील, मावशी म्हणते मेतकूट ने, आत्या म्हणते भाजणी ने. पण दरवर्षी ज्युनियर पोरांच्या फाइली बघून माझं ठाम मत झालंय की बॅगेमुळे कुणाचं फारसं अडत नाही, अडतं ते नावामुळे आणि तारखांमुळे. खालचं बरंचसं जर्मनीला उन्हाळी इंटर्नशिपला जाणाऱ्यांसाठी आहे कारण आपल्याकडून तिकडे जाणारी पोरं भरपूर, पण शेंगेनमधल्या (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांच्या गटातल्या) बाकी देशांनाही यातलं बरंच लागू होतं.

नाव. आधी नाव बघा.

आपल्या मराठी नावांची गंमत अशी की दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये "आदित्य सुरेश" आणि सरनेममध्ये "कुलकर्णी". प्रोफेसरला मेल पाठवताना पोरगा लिहितो नुसतं "आदित्य कुलकर्णी", त्यामुळे ऑफर लेटर त्या नावाने येतं, इन्शुरन्स बाबांनी एजंटकडून काढला तो "कुलकर्णी आदित्य" नावाने, आणि तिकीट बुक करताना मामाने गिव्हन नेमच्या खान्यात फक्त आदित्य टाकलं. एकाच माणसाची चार नावं! व्हिसाच्या फॉर्मवर, तिकिटावर आणि इन्शुरन्सवर नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं टाका, वडिलांच्या नावासकट. प्रोफेसरलाही पहिल्याच मेलमध्ये पासपोर्टवरचं पूर्ण नाव कळवून टाका, लेटर नंतर बदलून मागायला संकोच वाटतो आणि तिकडे सुट्ट्या लागल्या की उत्तरही येत नाही. काही जणांच्या पासपोर्टवर सरनेमचा खानाच रिकामा असतो आणि पूर्ण नाव गिव्हन नेममध्ये कोंबलेलं असतं, त्यांनी तर तिकीट काढायच्या आधी एअरलाइनला विचाराच.

पासपोर्टची मुदतही आत्ताच बघा. शेंगेन सोडायच्या तारखेनंतर किमान ३ महिने शिल्लक हवी, पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत.

३ महिने म्हणजे ९० दिवस नाही हो

ही चूक हुशार पोरंसुद्धा करतात. शेंगेनचा शॉर्ट स्टे व्हिसा म्हणजे कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि त्यात उतरलेला दिवस पण धरायचा आणि निघालेला पण. १५ मे ते १५ ऑगस्ट ऐकायला छान ३ महिने वाटतात, बोटांवर मोजा, ९३ दिवस होतात. म्हणजे एकतर तारखा कमी करून घ्यायच्या (१२ आठवडे म्हणजे ८४ दिवस, बिनधास्त बसतं) नाहीतर सरळ लाँग स्टेचा नॅशनल व्हिसा, त्याचे कागद वेगळे, वेळही जास्त. "तिथे जाऊन वाढवून घेऊ" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, शेंगेन व्हिसा फारच अपवादात्मक परिस्थितीत वाढवून मिळतो आणि प्रोजेक्ट थोडा राहिलाय हे काही त्यात बसत नाही.

व्हिसा हातात आला की अजून एक घोळ होतो. स्टिकरवर "पासून-पर्यंत" तारखा असतात आणि राहायचे दिवस वेगळ्या खान्यात असतात. तारखांचा टप्पा दिवसांपेक्षा मोठा असतो, तो बघून पोरं परतीचं तिकीट पुढे ढकलतात. दिवसांचा आकडा संपला की संपला. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर नवीन एंट्री-एक्झिट सिस्टम सुरू झालीये, बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन दिवस कॉम्प्युटरच मोजतो, त्यामुळे शिक्का पुसट होता वगैरे कारणं चालणार नाहीत.

अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो आणि प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण ते १५ दिवस कागदावरचे समजा. एप्रिल-मेमध्ये आपली अख्खी जनता युरोप टूरला निघते, तेव्हा अपॉइंटमेंटच मिळत नाही. आधी स्लॉट बघा, मग बाकीचं.

आणि टुरिस्ट म्हणून अर्ज करून तिकडे लॅबमध्ये बसायचं, ही आयडिया देणाऱ्या एजंटला हात जोडा आणि उठा. जर्मनीत विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपला बहुतेक वेळा तिथल्या रोजगार खात्याची, म्हणजे बुंडेसआगेंटुअर फ्यूर आर्बाइटची संमती लागते. ती कंपनीने किंवा इन्स्टिट्यूटने मागायची असते, तुम्ही नाही. म्हणून "माझ्या केसमध्ये संमती लागेल का, आणि लागली तर अर्ज कोण करणार" हे ऑफर स्वीकारतानाच मेलवर विचारून घ्या.

पैशाचा पुरावा

स्कॉलरशिप असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर बाबांचं बँक स्टेटमेंट, आणि इथे हमखास होणारी गोष्ट म्हणजे अर्जाच्या आठवडाभर आधी काका, मामा, आजोबा सगळे मिळून खात्यात ३ लाख टाकतात. वर्षभर ज्या खात्यात वीस-पंचवीस हजार फिरत होते तिथे अचानक एवढी रक्कम दिसली की बघणाऱ्याला शंका येणारच. पैसे आधीपासून ठेवा, आणि मोठी रक्कम आलीच असेल तर कुठून आली त्याचा कागद जोडा, एफडी मोडली, सोयाबीन विकलं, जे असेल ते. शेतकऱ्याच्या घरी आयटीआर नसतो, तिथे सातबारा आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला देतात, पण तो मराठीत असतो. तिकडच्या ऑफिसला इंग्रजी किंवा जर्मन कळतं, तेव्हा भाषांतर करून जोडा. स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणि सही घ्या, मोबाइलवरून काढलेली पीडीएफ घेऊन जाऊ नका.

इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा, पूर्ण शेंगेनला चालणारा, आणि निघायच्या दिवसापासून परत येईपर्यंतचा. दोन-चार दिवस जास्तीचे घ्या, फ्लाइट कॅन्सल होतात.

आता आईच्या बॅगेकडे

इथे थोडं सविस्तर सांगतो कारण भांडण इथेच होतं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्याला सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे घरचं साजूक तूप नाही, खव्याचे पेढे नाहीत, आणि कोकणातल्या पोरांनो, सुका जवळा-बोंबील नियमात कसे बसतात ते वाचत बसण्यापेक्षा ते घरीच ठेवा, तसंही ज्या होस्टेलवर उतरणार तिथे तो वास कुणी सहन करणार नाही. ताज्या फळांनाही सर्टिफिकेट लागतं, सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच, त्यामुळे प्रोफेसरला भेट म्हणून हापूसची पेटी न्यायचा बेत रद्द. कढीपत्त्याची ताजी डहाळी पण नाही. कैरीचं लोणचं चालतं, फक्त हँडबॅगेत टाकू नका, सिक्युरिटीला काढून ठेवतील, आणि चेक-इन बॅगेत टाकताना झाकणाला टेप मारून दोन पिशव्यांत घाला.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत, तेलकट असल्याने पेट घेऊ शकतं म्हणून चेक-इन बॅगेत चालत नाही. भाजणी, मेतकूट, पोहे, गोडा मसाला बिनधास्त न्या. पण दुबई किंवा अबुधाबीवरून जाणार असाल तर खसखस अजिबात नको! यूएईमध्ये खसखस बेकायदेशीर आहे, आणि आपले अनारसे म्हणजे खसखशीतच थापलेले असतात. काही घरगुती मसाल्यांतही असते, आईला विचारा. कनेक्टिंग फ्लाइट आहे, आपण बाहेर कुठे जातोय, असा युक्तिवाद करत बसायची ही जागा नाही.

पॉवर बँक हँडबॅगेतच, १०० वॉट-अवरच्या आत, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. औषधं डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनसकट, त्यावर ब्रँडचं नाही तर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. व्होल्टेज तिकडे आपल्यासारखंच २३० आहे, कन्व्हर्टर विकत घेऊ नका, फक्त अडॅप्टर. आणि मे म्हणजे उन्हाळा समजून नुसते टी-शर्ट नेऊ नका, जर्मनीत मेच्या मध्यावर चांगली थंडी परत येते, त्या दिवसांना त्यांच्याकडे खास नावसुद्धा आहे.

ओटीपी!!

सगळ्यात फालतू आणि सगळ्यात जास्त छळणारी अडचण. कार्ड आहे, पैसे आहेत, ओटीपी येतोय तो घरी राहिलेल्या सिमवर. इथलं सिम सोबत न्या, निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करा, निदान मेसेज यावेत एवढं. डेबिट कार्डवर परदेशी व्यवहार बंदच असतात, ते बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात. घरून निघण्यापूर्वी करा, कारण तो स्विच दाबला की परत ओटीपी. तिकडच्या एटीएमने "रुपयात हवं की युरोत" असं विचारलं तर युरो, नेहमी युरो. रुपये म्हटलं की रेट ते लावतात. थोडी रोख ठेवाच, जर्मनीत अजूनही छोट्या दुकानांत कार्ड चालत नाही असं होतं. आणि शनिवारी रात्री उतरत असाल तर रविवारी दुकानं बंद असतात हे लक्षात ठेवा, मोठ्या रेल्वे स्टेशनातली उघडी असतात.

घराबद्दल एकच: "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरियरने येईल" असा मेल आला की तो फ्रॉड समजा, फोटो कितीही सुंदर असोत. आधी प्रोफेसरच्या सेक्रेटरीला विचारा, बऱ्याचदा गेस्ट हाऊस किंवा स्टुडंट होस्टेलची सोय त्यांच्याकडूनच होते. ३ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर घरात गेल्यापासून २ आठवड्यांत महापालिकेच्या ऑफिसात पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, ते देणार का हे आधीच विचारा.

डॉइचलांड-टिकेट, म्हणजे जर्मनीभर लोकल ट्रेन-बसला चालणारा महिन्याचा पास, घेतलंत (जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो) तर ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. पुढच्या महिन्याचं नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करा, नाहीतर पोरगा पुण्यात वडापाव खातोय आणि जर्मनीत पैसे कापले जातायत.

शेवटचं म्हणजे इंटर्नशिप पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट. निघायच्या आधीच कॉलेजचा फॉरमॅट मागून घ्या आणि एचओडींना स्पष्ट विचारा की गोल शिक्का लागेल की नुसती सही चालेल, कारण आपल्या कॉलेजांना शिक्का नसला की चैन पडत नाही आणि तिकडचा प्रोफेसर लेटरहेडवर सही करून मोकळा होतो. जूनच्या शेवटाला किंवा जुलैत प्रोफेसरच्या हातात तो फॉर्म द्या, ऑगस्टमध्ये तो सुट्टीवर गेलेला असू शकतो.